मालवणहून सिंगापूरचं थीम पार्क : पाच माणसं, पावणेतीन लाख

तारकर्लीजवळ आमचं न्याहारी-निवासाचं छोटं काम आहे. चार खोल्या, मागे माड, पुढे वाळू. मे महिन्यात अर्धा महाराष्ट्र मुलाबाळांना घेऊन आमच्याकडे उतरतो आणि आमची मुलं तेव्हा पाहुण्यांच्या टेबलावर सोलकढीचे ग्लास पोचवत असतात. "आपण सुट्टीत कुठे जायचं?" असं धाकटीने विचारलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. उत्तर द्यायला आम्हाला एक वर्ष लागलं. जुलै २०२५ मध्ये मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे पाच जण सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज बघून आलो. चार रात्री, घरापासून घरापर्यंत सगळं धरून पावणेतीन लाखांच्या आत.

सासूबाईंनी बेत ऐकल्यावर विचारलं होतं, "दर्या बघूक सिंगापुराक कित्याक जावक होया?" प्रश्न रास्त होता. पण आम्ही दर्या बघायला चाललोच नव्हतो.

परत आल्यापासून कुडाळ, वेंगुर्ला, देवगडचे ओळखीचे लोक एकच विचारतात : पार्कचं तिकीट केवढ्याला? खरं सांगायचं तर तो प्रश्न सगळ्यात शेवटचा. पाच जणांची पार्कची तिकिटं मिळून बावीस-तेवीस हजारांत आली, म्हणजे एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पैसा गळतो तो सांध्यांतून. चुकीच्या तारखा, गावाहून विमानतळापर्यंतचा प्रवास, कागदावरची नावं, खोलीत किती माणसं चालतात, ही ती ठिकाणं. म्हणून ही सगळी वाट क्रमाने सांगते.

१. आधी तारीख, मग देश

पुण्या-मुंबईचे लोक मे आणि दिवाळीत निघतात. तेव्हा विमानं महाग आणि पार्कात रांगा. आपल्याला मे मध्ये निघताच येत नाही. कुणाचा आंबा असतो, कुणाचे पाहुणे. ही अडचण वाटते, पण परदेशच्या सहलीसाठी हाच आपला फायदा आहे.

मालवणात २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद. जून-जुलै मासेमारी बंद. पाहुणे नाहीत, बाजार थंड. हा आमचा मोकळा काळ. सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी जूनमध्ये असते आणि जूनअखेरीस संपते. ९ ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिन, त्याच्या आजूबाजूला पुन्हा गर्दी. आणि ऑगस्टच्या शेवटाला आपल्याकडे गणपती (२०२५ ला २७ ऑगस्टला होते), तेव्हा घर सोडायचा प्रश्नच नाही. हे सगळं कॅलेंडरवर मांडलं तर जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा उरतो. आम्ही तोच धरला.

मुलांच्या शाळेत पाच दिवसांचा रजेचा अर्ज दिला. बाईंनी एकच अट घातली : आल्यावर वर्गात सांगायचं, काय पाहिलं ते.

पावसाचं काय? जुलैत आपल्याकडे असतो तसला धो-धो पाऊस तिथे नसतो. सर येते, जाते. त्रास विजेचा होतो, तो पुढे सांगेन.

२. एकच पार्क निवडा

आमच्या यादीत तीन नावं होती.

हाँगकाँगचं डिस्नीलँड : भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करायची, तीही फुकट. पैशाच्या दृष्टीने हा फारच चांगला पर्याय. पण जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथला तुफानांचा हंगाम. वादळ काय असतं ते आम्ही तौक्तेत पाहिलंय, सुट्टीत पुन्हा नको म्हटलं. तुम्हाला डिसेंबर जमत असेल तर जरूर विचार करा.

मलेशियातलं लेगोलँड : सिंगापूरच्या पलीकडे जोहोरमध्ये. दहा वर्षांखालच्या मुलांना छान, पण आमच्या मोठ्याने नाक मुरडलं.

सिंगापूरचं युनिव्हर्सल : मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास. पार्क जगातल्या इतर युनिव्हर्सलच्या मानाने लहान, वीस हेक्टरच्या आसपास, म्हणजे एका दिवसात पुरं होतं. आणि 'एका दिवसात पुरं होणं' हाच बजेटचा पाया. मोठ्या पार्कांत तीन दिवसांची तिकिटं, तीन दिवसांचं आतलं महागडं जेवण आणि पार्काच्या दारातलं हॉटेल हे सगळं मागोमाग येतं.

एक पार्क, एक दिवस. बाकी दिवस फुकटात बघण्यासारखं शहर.

३. पासपोर्ट : सहा महिने हाताशी ठेवा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, आणि आमचा इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. कारण सासूबाई. त्यांच्या आधारकार्डावर लग्नानंतरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. जन्मतारीख आधारवर १ जून, दाखल्यावर दुसरीच. १ जून ही आपल्याकडच्या जुन्या पिढीची सामुदायिक जन्मतारीख. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती लिहिली. पासपोर्टच्या खिडकीवर मात्र तिला दोन चेहरे चालत नाहीत.

म्हणून अर्ज भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि तीन गोष्टी ताडून बघा : नावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, आईवडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव. फरक दिसला तर आधी आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टची वेळ घ्या. आम्ही उलट केलं. पहिल्या फेरीला हात हलवत परत आलो, एक दिवस आणि गाडीचं पेट्रोल गेलं.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. जिल्हा निवडला की जवळचं केंद्र दिसतं. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या पोस्टातच केंद्र असल्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी मोठ्यांना १,५०० रुपये, अठराखालच्या मुलांना १,०००. तत्काळ हवा असेल तर वर २,०००. सहा महिने आधी सुरुवात केलीत तर तत्काळचे पैसे वाचतात. पाच जणांचे दहा हजार झाले असते.

मुलांच्या बाबतीत :
- जन्मदाखला लागतोच असं समजा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच एक कागद चालतो.
- आईवडील दोघांच्या सहीचं ॲनेक्श्चर डी जोडायचं.
- मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. मोठ्याचा आधी काढून ठेवला असेल तर मुदत बघा. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवेत. हे न बघितल्यामुळे विमानतळावरून परत आलेली माणसं मला माहीत आहेत.

४. विमानाचं तिकीट, आणि मालवण ते मुंबई

इथे कोकणातल्या माणसाचा घोळ होतो, कारण आपला प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो कुडाळ किंवा कणकवली स्टेशनवर सुरू होतो.

चिपीचा विमानतळ दारात आहे, पण तिथून परदेशी विमान नाही. गोव्याचा मोपा विमानतळ दीड-दोन तासांवर. तिथून बेंगळुरू किंवा दिल्लीमार्गे जायचं असेल तर एक नियम पाळा : सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात. पण पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि पाच माणसांचे पैसे बुडतात. मोपाचा पर्याय आम्हाला माणशी पाच-सहा हजारांनी महाग पडत होता, म्हणून मुंबईहून गेलो. मार्चमध्ये काढलेली जुलैची परतीची तिकिटं माणशी चोवीस हजारांच्या आसपास पडली. सामान धरून, हे महत्त्वाचं. सगळ्यात स्वस्त भाड्यात बऱ्याचदा चेक-इन बॅग नसते, ती नंतर घेतली की फरक भरून निघतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. विमान मार्चमध्ये काढलं तरी गाडीसाठी मेपर्यंत थांबावं लागतं. तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

आता पावसाळ्यातला खरा धोका. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात. आणि दरड. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड येऊन मार्ग जवळजवळ दिवसभर बंद पडला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी. त्या दिवशी रात्रीचं विमान असलेलं कुणी त्या गाड्यांत असेल तर त्याचं काय झालं असेल याचा विचार करा. म्हणून पावसाळ्यात विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा. आम्ही रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दादरला उतरलो, दिवसभर ठाण्याला आतेकडे पाय पसरले आणि मध्यरात्रीनंतरचं विमान गाठलं. आतेला दोन किलो आमसुलं. हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि ती खूश.

आणखी एक : नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आहे. यापुढे तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून थांबू नका, कुठला विमानतळ ते बघा.

५. व्हिसा आणि आगमन कार्ड

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. तो वकिलातीने मान्यता दिलेल्या एजंटांमार्फत अर्ज करून मिळतो आणि ई-व्हिसा ईमेलवर येतो. सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, ती अर्ज नाकारला तरी परत नाही. त्यावर एजंट आपलं शुल्क लावतो आणि गंमत तिथेच असते. आमच्या जिल्ह्यातल्या एकाने जे सांगितलं ते मुंबईतल्या मान्यताप्राप्त एजंटापेक्षा माणशी दीड हजार जास्त होतं. कारण तो स्वतः मान्यताप्राप्त नव्हता, पुढे त्याच एजंटाकडे पाठवणार होता. तीन ठिकाणी फोन करा. 'सरकारी फी किती, तुमचं शुल्क किती' असं वेगवेगळं विचारा.

अर्ज प्रवासाच्या साधारण महिनाभर आधी करा, फार लवकर नको. लागणारे कागद :
- सही केलेला १४-ए फॉर्म, प्रत्येकाचा वेगळा
- ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो
- पासपोर्टची प्रत, विमानाचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, आणि व्यवसाय असेल तर त्याचा दाखला
- कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार हे सांगणारं साधं पत्र

फोटोवरून आमचे दोन अर्ज परत आले. स्टुडिओवाल्याने 'पांढरा' म्हणून जो पडदा लावला होता तो फिकट निळा निघाला. नव्या फोटोंना दीडशे रुपये आणि चार दिवस.

दुसरा सापळा मोठा आहे. सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते पूर्णपणे फुकट आहे आणि व्हिसा नव्हे, दोन्ही वेगळे. पण मोबाइलवर शोधलंत की वरती सरकारीसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट येतात आणि माणशी दोन-तीन हजार मागतात. पैसे भरायला बँकेचं कार्ड मागितलं की थांबा, चुकीच्या जागी आलात. सरकारी पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट एसजी' असतं.

पॅकेज घेणाऱ्यांसाठी एवढंच : परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूरवाला टीसीएस वसूल करतो. हा कर तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. दर बजेटमध्ये बदलतात, त्यामुळे कोटेशनमध्ये तो वेगळा लिहून घ्या. नाहीतर 'सगळं धरून' म्हणून सांगितलेली रक्कम ऐन वेळी फुगते.

६. खोली : खिडकी आहे का विचारा

सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. बुकिंगच्या पानावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. माडांखाली आयुष्य काढलेल्या बाईला चार रात्री खिडकी नसलेल्या खोलीत ठेवायचं म्हणजे शिक्षाच. रात्रीला चारशे रुपये जास्त देऊन खिडकी घेतली. तो खर्च मी पुन्हा करेन.

किती माणसं चालतात तेही बघा. बहुतेक स्वस्त खोल्यांत दोन मोठे आणि एक लहान मूल एवढंच चालतं. 'आपण जमिनीवर गादी टाकू' हे आपल्याकडे चालतं, तिथे नाही. आम्ही लिटल इंडियाजवळ दोन लहान खोल्या घेतल्या. मेट्रो पाच मिनिटांवर, खाली इडली-डोसा. गेलांगमध्ये खोल्या आणखी स्वस्त दिसतील, पण त्या भागातल्या काही गल्ल्या मुलंबाळं घेऊन संध्याकाळी चालण्यासारख्या नाहीत. नकाशावरचं अंतर बघून फसू नका.

पार्क सेंटोसा बेटावर आहे म्हणून बेटावरच राहायला हवं असं काही नाही. मेट्रोने हार्बरफ्रंट स्टेशनला उतरायचं, व्हिवोसिटी मॉलमधून सेंटोसाच्या छोट्या रेल्वेने चार डॉलरमध्ये बेटावर, किंवा समुद्रावरच्या लाकडी पुलावरून फुकटात चालत. पंधरा मिनिटं लागतात. आम्ही जाताना चाललो, येताना रेल्वेत बसलो. परतीला त्या रेल्वेला पैसे लागत नाहीत.

७. पार्कचा दिवस : घरच्या दाराच्या चौकटीवर सुरू होतो

तिकीट काढण्याआधी मुलांची उंची मोजा. बुटासकट नको, अनवाणी. प्रत्येक मोठ्या राइडला उंचीची अट असते आणि दारावरचा माणूस काठी लावूनच आत सोडतो. रडून, विनवून उपयोग होत नाही.

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर गणपतीत पेन्सिलीने मुलांची उंची मांडायची पद्धत आहे. जूनमध्येच मोजली. मोठा १३८, धाकटी ११३. मग एका कागदावर लिहिलं :

- ट्रान्सफॉर्मर्स : १०२ सेंटिमीटर. दोघांना चालेल.
- जुरासिक पार्कची पाण्यातली राइड : १०७. धाकटीला मोठ्या माणसाबरोबर चालेल. भिजणार.
- ममी : १२२. धाकटीला नाही.
- बॅटलस्टार गॅलेक्टिका, दोन रुळांचा मोठा रोलरकोस्टर : १२५. धाकटीला नाही.

तो कागद फ्रिजवर महिनाभर चिकटवून ठेवला. धाकटी रोज वाचायची. पहिल्या आठवड्यात ममीपुढचा 'नाही' तिने खोडरबरने पुसला. दुसऱ्या आठवड्यात पायाखाली पाट घेऊन चौकटीशी उभी राहिली. तिसऱ्यात मान्य केलं. पार्कात ममीच्या दाराशी एक बारका मुलगा काठीखाली दोन बोटं कमी पडला आणि त्याने भोकाड पसरलं. त्याचे आईवडील आपसांत भांडायला लागले. आमची बाई आजीचा हात धरून गंभीरपणे म्हणाली, "त्यांनी घरी मोजलं नसेल." रडं घरीच, महिनाभर आधी, थोडं थोडं उरकून घ्या.

जिथे एक मूल बसू शकत नाही तिथे 'चाइल्ड स्वॅप' विचारा. एक पालक राइडला जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. सासूबाई बरोबर असल्याने आम्हाला त्याची गरज पडली नाही.

तिकिटाचे तीन दर असतात : मोठे, ४ ते १२ वर्षांची मुलं, आणि साठच्या पुढचे. चार वर्षांखाली फुकट. दर दिवसानुसार बदलतो, शनिवार-रविवार टाळा. आम्ही मंगळवार घेतला. रांग चुकवणारा एक्सप्रेस पास वेगळा मिळतो, तो कधी कधी तिकिटाइतकाच महाग. जुलैतल्या मंगळवारी त्याची गरज नाही. मेमध्ये जाणार असाल तर मात्र तोही धरूनच हिशोब करा, आणि मग मे किती महाग आहे ते दिसेल. ज्येष्ठांचं तिकीट वाया जाईल अशी भीती होती, पण सासूबाई सावलीतल्या शोना बसल्या. वॉटरवर्ल्डच्या पाण्यातल्या मारामारीला पुढच्या रांगेत बसून भिजल्या, आणि आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं की आपले रापण ओढणारे मच्छीमार यांच्याहून चपळ.

दाराशी उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. दार उघडलं की सगळे डावीकडे-उजवीकडे फोटो काढत थांबतात, तेव्हा तुम्ही थेट मोठ्या राइडकडे चला. मिनियन लँड २०२५ च्या फेब्रुवारीत उघडलं, तिथे गर्दी लवकर होते, लहान मुलं असतील तर आधी तेच. आम्ही पहिल्या दीड तासात चार राइड केल्या आणि दुपारच्या अडीच तासांत दोन. मोठी मुलं एकटी बसायला तयार असतील तर काही राइडना 'सिंगल रायडर' रांग असते, ती झपाझप सरकते.

आता विजेचं. आभाळ गडगडलं की उघड्यावरच्या राइड बंद. तिथे वीज फार पडते, तडजोड नाही. त्यामुळे उघड्यावरच्या राइड सकाळीच उरका, छपराखालच्या दुपारसाठी ठेवा. आम्ही घरून रेनकोट नेले. आत प्लास्टिकचा कागद विकतात, त्या पैशात मालवणच्या बाजारात चांगला रेनकोट येतो.

बाहेरचं जेवण आत नेता येत नाही. पाण्याची बाटली चालते, नळाचं पाणी पिण्यासारखं आहे. भरपूर न्याहारी करून जा, दुपारी आत एकदाच काहीतरी खा. बाहेर जाऊन परत यायचं असेल तर दारावर सांगून हातावर शिक्का मारून घ्या.

आणि सेंटोसाचा समुद्रकिनारा आमच्यासारख्यांनी खुशाल वगळावा. तिथली वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. धाकटीने मूठभर उचलली, बघितली, झटकली.

८. बॅगेत काय घालायचं नाही

घालायचं काय ते सगळे सांगतात, मी उलटं सांगते.

- मालवणी मसाला. त्यात खसखस असते, आणि खसखशीवर सिंगापुरात अमली पदार्थांच्या खात्याची कडक बंधनं आहेत. अनारसेही नकोत.
- तंबाखू. खायच्या तंबाखूवर बंदी आहे. सासूबाईंची मिश्री आम्ही आतेच्या घरी ठेवली, त्यावरून दोन दिवस अबोला.
- च्युइंगगम, ई-सिगारेट.
- सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. या चेक-इन बॅगेत विमानवाले घेत नाहीत, त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका असतो.
- पॉवर बँक चेक-इन बॅगेत. ती हातातल्या बॅगेतच.
- झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. काहींना तिथल्या खात्याची आधी परवानगी लागते, नेणार असाल तर आधी तपासा.

९. जेवण, पैसे, फिरणं

जेवणाचं सोपं आहे : हॉकर सेंटर. सरकारी छपराखाली ओळीने गाडे, पाच-सहा डॉलरला पोटभर. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये आम्ही तीनदा जेवलो. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ते टेबल धरलेलं आहे असं समजा. आणि जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवा, नाही ठेवलंत तर दंड होऊ शकतो. सांबल लावून केळीच्या पानावर भाजलेली पाकट हे तिथलं प्रसिद्ध खाणं. आमच्याकडे वागळी म्हणून जिचं तिखलं होतं तीच. सासूबाईंनी एक घास घेऊन निकाल दिला : तिरफळ नाही.

हॉटेलात बसून जेवायचं तर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं दिसतात. त्याचा अर्थ वर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर नऊ टक्के जीएसटी. शंभरचं जेवण एकशेवीसला पडतं.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रुपयांत की डॉलरमध्ये? नेहमी डॉलर. रुपये दाबलेत की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो आणि तो वाईटच असतो. घरून निघण्याआधी आपल्या कार्डाचं परदेशी व्यवहाराचं शुल्क बँकेत विचारा. काही कार्डांना साडेतीन टक्के, काहींना शून्य. सिंगापूरचा डॉलर तेव्हा सदुसष्ट रुपयांच्या आसपास होता. दोनशे डॉलर रोख नेले, तेवढे पुरले.

मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं. म्हणून मोठ्यांसाठी तिथलं भरायचं कार्डच घेतलं. सात वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे. पण मूल ९० सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर त्याचं वेगळं मोफत कार्ड लागतं, पासपोर्ट घेऊन तिकीट ऑफिसात विचारा.

फुकटात बघितलं ते : गार्डन्स बाय द बेच्या उघड्या बागेतला रात्रीचा दिव्यांचा खेळ, मर्लायनचा चौक, आणि परतीच्या दिवशी विमानतळालगतच्या ज्वेलमधला चाळीस मीटरचा धबधबा. मोठा म्हणाला, आपला नापण्याचा धबधबा बरा. तरी तासभर हलला नाही.

१०. हातातली फाईल

प्लास्टिकच्या एका फाईलीत, प्रत्येकाचा वेगळा कप्पा :
- पासपोर्ट, ई-व्हिसाची छापील प्रत, अरायव्हल कार्डाची पोच
- जाण्या-येण्याची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, प्रवासविमा
- मुलांच्या जन्मदाखल्याच्या प्रती. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्याचं सहीचं संमतीपत्र
- डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रोजची औषधं
- दोन-दोन जादा फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, खरोखर पांढऱ्या

ही फाईल हातातल्या बॅगेत ठेवा. आमच्या नवऱ्याने ती 'सुरक्षित राहील' म्हणून मोठ्या बॅगेत तळाशी, सासूबाईंच्या नऊवारीखाली घातली होती. रात्री अकरा वाजता मुंबईच्या काउंटरसमोर बॅग उघडून एकेक लुगडं बाहेर काढताना मागच्या रांगेतल्या सगळ्यांना आमची पूर्ण ओळख झाली.